जूनमध्ये भाजी लावायचीय? मग फेब्रुवारीत पाचोळा गोळा करा

एक गुंठा म्हणजे 33 फूट बाय 33 फूट. एवढ्या तुकड्यात चार माणसांच्या घराची बरीचशी भाजी निघते, तीही विकतच्या औषधाची बाटली न उघडता. पण बहुतेक जण पहिला पाऊस पडला की रोपवाटिकेकडे धावतात आणि खताची आठवण नंतर होते. मीही पहिल्या वर्षी तेच केलं. जूनमध्ये घाईघाईने कच्चं शेण वाफ्यांत मिसळलं आणि त्याबरोबर हुमणी (मुळं खाणारी अळी) आणली. श्रावणात वांग्यांनी माना टाकल्या. उपटून पाहिली तर मुळंच कुरतडलेली.

म्हणून आधी खत. पानगळ सुरू झाली की लोक पाचोळ्याला काडी लावतात, तो उचलून आणा. पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांची नाडेप पद्धत (हे नाव त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून पडलं) यासाठी सगळ्यात सोपी. त्यांची टाकी 10 बाय 6 फूट आणि 3 फूट उंच. घरापुरती 4 बाय 3 फूट, 3 फूट उंच पुरे. विटा रचताना मधेमधे भोकं ठेवा, हवा खेळली पाहिजे. तळाशी काटक्या, मग सहा इंच पाचोळा व भाजीचा कचरा, त्यावर पाण्यात कालवलेलं शेण, वर चाळलेल्या मातीचा पातळ थर. हाच क्रम काठापर्यंत. टाकी रेंगाळत भरू नका, एकदोन दिवसांत भरून वरून शेणमातीने लिंपा. पंधरा-वीस दिवसांत ढीग खाली बसतो, तेव्हा पुन्हा भरून लिंपायचं. भेगा पडल्या की बुजवा आणि आत ओल टिकवा. साडेतीन-चार महिन्यांनी पान ओळखू येईनासं झालं आणि मातीचा वास आला की खत तयार. शेणाचा वास येत असेल तर थांबा.

मे महिन्यात माती खणून उन्हात तापू द्या, मग गादीवाफे पाडा. वाफा 4 फूट रुंद, पाऊण फूट उंच आणि मधली वाट दीड फूट. 33 फुटांत बरोब्बर सहा वाफे बसतात. चार फूट यासाठी की दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो. वाफ्यावर पाय देण्याची वेळ येता कामा नये, अगदी पोरांनाही बजावून ठेवा. प्रत्येक वाफ्याला चार-पाच घमेली खत मिसळा. लिंबू, पपई, शेवगा उत्तरेच्या कडेला लावा, म्हणजे हिवाळ्यात त्यांची सावली वाफ्यांवर पडत नाही. पपईच्या बुडाशी पाणी साचलं की मूळ कुजतं, तिला उंचवट्यावर जागा द्या. केळीला मात्र मोरीचं पाणी सोडलं तरी चालतं, फक्त त्यात साबण फार नको.

जीवामृत म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ, बेसन कालवून आंबवलेलं पातळ खत. त्याचं माप सगळीकडे एकराचं सांगतात आणि परसबागवाले गोंधळतात. एकराचे गुंठे 40, तेव्हा एकराच्या 200 लिटरला 40 ने भागा: 5 लिटर पाणी, पाव किलो शेण, पाव लिटर गोमूत्र, 50 ग्रॅम गूळ, 50 ग्रॅम बेसन, चिमूटभर बांधावरची माती. बादली सावलीत ठेवा, सकाळ-संध्याकाळ ढवळा, दोन दिवसांनी वापरा आणि आठवड्याच्या आत संपवा. पंधरा दिवसांतून एकदा मातीला द्या. जी पालेभाजी कच्ची खायची तिच्या पानांवर मुळीच नको.

झेंडूच्या वासाने कीड पळते असं सर्रास सांगतात. टोमॅटोतल्या फळ पोखरणाऱ्या अळीच्या बाबतीत उलट घडतं: तिचा पतंग झेंडूच्या कळ्यांवर अंडी घालायला येतो, म्हणून टोमॅटो वाचतो. तेव्हा झेंडूचं बी टोमॅटोच्या 15-20 दिवस आधी टाका, दोन्ही रोपं एकाच दिवशी लावा आणि अळी लागलेल्या कळ्या खुडत राहा. खुडल्या नाहीत तर तुम्ही अळ्याच पाळताय. कारली, दोडक्यात फळमाशी लागली तर सडकी फळं खताच्या टाकीत टाकू नका. घट्ट बांधलेल्या पिशवीत भरून आठवडाभर उन्हात ठेवा.

किडीवर फवारायच्या अर्कासाठी पावसाळ्यात कडुनिंबाच्या निंबोळ्या पडतात तेव्हा गोळा करा, गर धुऊन बिया सावलीत वाळवा. पुढे लागेल तसं अर्धा किलो बी कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, फडक्याने गाळा, 20 ग्रॅम साबण विरघळवून पाणी 10 लिटर करा. फवारणी संध्याकाळीच करा, कडक उन्हात निंबोळीची ताकद लवकर उतरते.

पाऊस ओसरला की वाफ्यांवर चार इंच पाचट किंवा पेंढा पसरा. खोडाभोवती बोटभर जागा मोकळी सोडा. भर पावसात थर पातळ ठेवा, खाली गोगलगायी बसतात. वांगी, टोमॅटो, मिरची हे एकाच कुळातले. त्यांच्या जागी पुढच्या हंगामात चवळी किंवा घेवडा घ्या.

बी गावरान मिळवा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना 2020 साली पद्मश्री जाहीर झाली ती असंच बी जपल्याबद्दल. संकरित वाणाचं बी धरून लावलं तर पुढची झाडं एकसारखी येत नाहीत. भेंडीचं सगळ्यात जोमदार झाड निवडा, त्याला लाल फडकं बांधा आणि त्यावरच्या दोन-तीन शेंगा झाडावरच वाळू द्या. तडकायला लागल्या की काढा, बी राखेत घोळवा आणि डब्यावर वाणाचं नाव व साल लिहून कोरड्या फडताळात ठेवा.