वादनाला साजेसा गिटार अँप्लिफायर कसा निवडावा

सांगलीत घरी सराव करणाऱ्या वादकाने वॅटचा आकडा पाहण्याआधी आपण प्रामुख्याने काय वाजवतो, हे ठरवावे. स्वच्छ, खणखणीत स्वरासाठी फेंडर या अमेरिकी कंपनीच्या धाटणीचा, तर रॉकमधील भरदार डिस्टॉर्शनसाठी (मुद्दाम फाटवलेल्या, खरखरीत स्वरासाठी) मार्शल या ब्रिटिश कंपनीच्या धाटणीचा अँप्लिफायर पाहावा. वॅट दुप्पट केल्याने आवाज दुप्पट होत नाही, तो जेमतेम ३ डेसिबलने वाढतो. म्हणून खोलीत १० ते २० वॅटचा ट्रान्झिस्टर अँप्लिफायर पुरतो. व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणारा, अँप्लिफायर मात्र आवाज चढवल्यावरच खुलतो, त्यामुळे १५ वॅटचाही फ्लॅटमध्ये असह्य होतो.

मिरजेत सतार घेणारा जशी जवारी (घोडीवर तार टेकून उमटणारा झंकार) कानाने पारखतो, तशीच आपली गिटार दुकानात नेऊन, टोनची बटणे मध्यावर ठेवून, घरी वाजवतो तेवढ्याच आवाजात निदान अर्धा तास वाजवून पाहावे.