असेट पॅक चढवण्याआधी: कुठला माल कुठल्या खणात

नाशिकचे वाडे, गोदाघाट, तांब्यापितळेची भांडी यांचे गेम असेट (म्हणजे गेम बनवणाऱ्यांना वापरायला तयार चित्रं, मॉडेल, आवाज) करून ऑनलाइन विकायचे असतील, तर अपलोडचं पान उघडण्याआधी वर्गवारी कागदावर करून घ्या. आपलं फोल्डर आपण माल जसजसा बनवला तसं लागलेलं असतं. पण भांडी बाजारात शिरलेलं गिऱ्हाईक ‘पातेली दाखवा’ म्हणतं, ‘गेल्या मंगळवारी घडवलेलं दाखवा’ असं म्हणत नाही.

पहिल्यांदा टूडी आणि थ्रीडी वेगळं काढा. घाटाच्या पायऱ्यांचा १६ बाय १६ पिक्सेलचा टाइलसेट (जोडून दृश्य उभं करायचे चौकोनी चित्रतुकडे) आणि त्याच पायऱ्यांचं थ्रीडी मॉडेल एकाच पॅकमध्ये कोंबायचा मोह होतो. तो आवरा, दोन पॅक करा; नाहीतर एका वर्गात टाकलेला माल दुसऱ्या वर्गात शोधणाऱ्याला दिसायचाच नाही. थ्रीडीत अख्खा वाडा, देवडी, चौक हे एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे परिसरात, जातील. समई, घंगाळ, बंब प्रॉप्समध्ये, म्हणजे सुट्या वस्तूंत. दारं, खांब, तुळया सुट्या देणार असाल आणि त्या जोडून वाडा उभा राहत असेल, तर वर्णनात ‘मॉड्युलर’ हा शब्द हवाच. मात्र मापं जुळतात का ते आधी बघा. गेम बनवायच्या सॉफ्टवेअरपैकी युनिटीत १ युनिट म्हणजे १ मीटर, अनरियलमध्ये १ सेंटीमीटर. तपासलं नाही तर वाडा काडेपेटीएवढा उघडायचा.

पुराचं पाणी केलं असेल तर ते शेडर (पृष्ठभाग कसा दिसेल ते ठरवणारा छोटा प्रोग्रॅम) आहे की नुसतं टेक्स्चर (पृष्ठभागावर चढवायचं चित्र), हे ठरवा. युनिटी असेट स्टोअरवर शेडर व्हीएफएक्सखाली (व्हिज्युअल इफेक्ट्स) जातं आणि टेक्स्चर टूडीखाली, मग ते तुम्ही थ्रीडी घाटावर का लावेनात. गोदाघाटावरच्या ज्या मूर्तीवरून पुराची पातळी सांगतात, त्या दुतोंड्या मारुतीबद्दल माझं स्पष्ट मत आहे: प्रॉप्सच्या पॅकमध्ये तो घालू नये. विकत घेणारा त्याच्यावर गोळ्या झाडेल की हातोडा मारेल, यावर आपला ताबा नाही. पाण्याची पातळी दाखवायची तर घाटाच्या भिंतीवर ओलाव्याचे पट्टे पुरतात.

आवाजांना सगळ्यात जास्त वेळ ठेवा. संगीत, परिसराचा आवाज आणि भांडं पडल्यासारखे छोटे आवाज असे तीन गट करा. गोदाघाटावरच्या रामकुंडावर रेकॉर्डिंग करायचं तर भल्या पहाटे जा, आणि घरी येऊन हेडफोन लावून पूर्ण ऐका. मागे लाउडस्पीकरवर कुणाचं भजन लागलं असेल तर ती ध्वनिफीत दुसऱ्याच्या मालकीची आहे. तो तुकडा विकता येत नाही, कापून टाका. सलग फिरणारा आवाज डब्ल्यूएव्ही किंवा ओजीजीमध्ये द्या. एमपी३ करताना सुरुवातीला किंचित शांतता घुसते आणि लूपच्या सांध्यावर ठेच लागते.

मग टॅग. इच डॉट आयओ या गेम आणि असेट विकायच्या साइटवर ते जास्तीत जास्त १० देता येतात, म्हणून जपून खर्च करा. ब्राझीलमधला डेव्हलपर ‘वाडा’ शोधणार नाही. तो इंडिया, टेंपल, कोर्टयार्ड, लो पॉली (कमी पैलूंचं साधं मॉडेल) असलं काही टाइप करेल. तरीही ‘वाडा’ हा एक टॅग ठेवाच, कारण तो शब्द टाइप करणारा घ्यायलाच आलेला असतो. तिथेच प्रोजेक्टचा प्रकार ‘गेम असेट्स’ निवडला आहे ना ते बघा. आपोआप ‘गेम्स’ लागलेलं असतं. एआयचा वापर केला की नाही तेही असेटच्या पानावर सांगावं लागतं, आणि ते खरं सांगा.

फाइलींची नावं इंग्रजीत, मधे मोकळी जागा न सोडता ठेवा. परवान्याची फाइल झिपच्या आत असू द्या. पाटीवर वापरलेल्या देवनागरी फाँटचा परवाना विक्रीला चालतो का तेही बघून घ्या. चढवून झालं की लॉगआउट करून, मित्राच्या मोबाइलवर, अनोळखी गिऱ्हाइकासारखं आपलंच पॅक शोधा. दोनतीन शब्दांत सापडलं नाही, तर आधी मुख्य वर्ग तपासा आणि मग टॅग. किंमत कमी करायची घाई करू नका.