उंदरांच्या वर्तनाचा प्रयोग दुसऱ्यालाही जमावा म्हणून

नवा विद्यार्थी आला की मी त्याला लगेच एलिव्हेटेड प्लस मेझकडे नेत नाही. (हा उंचावरचा, अधिक चिन्हाच्या आकाराचा मंच; दोन फाटे भिंतींचे, दोन उघडे. उंदीर उघड्या फाट्यांवर किती जातो, यावरून त्याची भीती मोजतात.) आधी उंदीर उचलायला शिकवते. शेपटीला धरून उचललेला उंदीर घाबरतो आणि मेझच्या उघड्या फाट्यांवर कमी जातो, हे हर्स्ट आणि वेस्ट यांनी २०१० मध्ये दाखवलं. म्हणून पिंजऱ्यात प्लास्टिकची नळी ठेवा, उंदीर आपणहून आत शिरला की नळीसकट उचला, किंवा ओंजळीत घ्या. चाचणीआधी काही दिवस रोज हे करा, आणि चाचणीच्या दिवशीही तसंच उचला. ‘हाताळणी केली’ एवढं लिहून भागत नाही. कशी, किती दिवस आणि कोणी, हे तिन्ही वहीत हवं. ‘कोणी’ यावर माझा विशेष आग्रह असतो. पुरुष संशोधक जवळ असला तर, इतकंच काय त्याचा वापरलेला टीशर्ट ठेवला तरी, उंदरांवर ताण येऊन त्यांची वेदनेची प्रतिक्रिया कमी होते, असं २०१४ मध्ये मॅकगिल विद्यापीठातल्या गटाला आढळलं.

वाणाचं पूर्ण नाव लिहा. सी५७बीएल/६ या प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या वाणाचं एवढंच नाव पुरत नाही, त्याचा उपवाण जे की एन तेही सांगा. दोघांत जनुकीय फरक आहेत. उघड्या फाट्यावर पडणारा प्रकाश लक्स या एककात मोजा, दिव्याचे वॅट लिहून उपयोग नाही. चाचणीची वेळ लिहिताना खोलीतले दिवे कधी लागतात-मालवतात तेही लिहा.

आता पिंजरे. औषध दिलेले सगळे उंदीर एका पिंजऱ्यात आणि न दिलेले दुसऱ्यात ठेवले, तर दिसलेला फरक औषधाचा की पिंजऱ्याचा हे कोणालाच सांगता येणार नाही, उंदीर कितीही असोत. दोन्ही गट प्रत्येक पिंजऱ्यात मिसळा. सकाळी एक गट, दुपारी दुसरा असंही नको. क्रम संगणकाकडून काढून घ्या आणि कुपीवर फक्त सांकेतिक क्रमांक ठेवा.

निकष आधीच ठरवा. चारही पाय फाट्यात आले तरच उंदराचा त्या फाट्यात प्रवेश धरायचा का? फाट्यावरून पडलेल्या उंदराचं काय करायचं? व्हिडिओ पाहिल्यावर ठरवलेल्या निकषावर माझा विश्वास नाही. आणि तोच उंदीर पुन्हा याच मेझवर घेऊ नका. दुसऱ्या खेपेला तो उघडे फाटे टाळतो, डायझेपाम या चिंता कमी करणाऱ्या औषधाचा परिणामही नीट दिसत नाही.

एवढं करूनही आकडे हलतील. १९९९ मध्ये पोर्टलंड, ऑल्बनी आणि एडमंटन इथल्या तीन प्रयोगशाळांनी तेच वाण, तशीच उपकरणं, तीच पद्धत वापरली, तरी काही निकाल वेगळे आले. म्हणून सगळे उंदीर एकाच आठवड्यात उरकू नका. तीन-चार तुकड्या करा, वेगवेगळ्या आठवड्यांत, शक्य तर वेगळ्या हातांनी. प्रत्येक तुकडीत दोन्ही गट ठेवा आणि विश्लेषणात तुकडी हा घटक घ्या. जो परिणाम या सगळ्या तुकड्यांत टिकतो, तोच दुसऱ्या शहरात टिकण्याची आशा धरता येते.

लेख पाठवताना अराइव्ह २.० ची, म्हणजे प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या लेखात काय काय द्यावं याच्या मार्गदर्शक सूचनांची, यादी शेजारी ठेवा, वगळलेल्या प्रत्येक उंदराचं कारण लिहा, आणि मूळ व्हिडिओ ट्रॅकिंगच्या सेटिंगसह जपून ठेवा. ते मागणाऱ्याला लगेच देता आले पाहिजेत.