आर्थिक विजय कोपऱ्यात बसून मिळतोय? अंतराळ स्ट्रॅटेजी गेमसाठी लागू पडलेला उपाय

लक्षण: विजयाची अट ‘तिजोरीत 50,000 क्रेडिट’. खेळाडू नकाशाच्या कोपऱ्यातले चार ग्रह धरतो, तटबंदी करतो, ‘पुढची फेरी’ दाबत राहतो आणि जिंकतो. बाकीच्यांना शेवटचा फलक येईपर्यंत पत्ताच नसतो.

रक्कम दुप्पट केली, खेळ नुसता लांबला. तिजोरीवर कर लावला, तर लोक शेवटच्या फेरीत ताफा मोडीत काढून रक्कम भरू लागले. डोकं पिकलं.

दुखणं असं की साठ्यावर कुणाला हात घालता येत नाही. वाहता व्यापार मात्र अडवता येतो.

म्हणून आधी तिजोरीची अट काढा. गेल्या 10 फेऱ्यांतल्या एकूण व्यापारातला वाटा मोजा. माल ज्याच्या जहाजातून गेला, त्याच्या खात्यात. स्वतःच्याच दोन ग्रहांमधली वाहतूक धरू नका, नाहीतर तोच माल इकडून तिकडे फिरवून वाटा फुगवतात. (फुगवतातच.) चार खेळाडूंत उंबरठा 45 टक्के. कुणाचा वाटा 35 ला पोचला की सगळ्यांना सूचना द्या, नकाशावर त्या खेळाडूचे व्यापारी मार्ग ठळक करा. 45 ला 8 फेऱ्यांची उलटी मोजणी सुरू, ती संपली की विजय. वाटा घसरला तर मोजणी थांबवा, पुन्हा 8 वर नेऊ नका. नेली की अधूनमधून एकेक छापा घालून खेळ कितीही ताणता येतो. शेवटी अडवणूक तपासा: मार्गावर एक हलकं लढाऊ जहाज उभं राहिलं की 3 फेऱ्या माल बंद. हे चालत नसेल तर वरचं सगळं फुकट.

मुदतीची कल्पना जुनीच आहे. 1999 च्या ‘अल्फा सेंटॉरी’ या स्ट्रॅटेजी गेममध्ये ऊर्जाबाजार काबीज करायला घेतला की 20 फेऱ्या थांबावं लागतं, आणि तेवढ्यात मुख्यालय पडलं तर डाव फसतो.