उभ्या राहिलेल्या जुन्या मोटरसायकलला पहिली किक मारण्यापूर्वी

दोन-तीन पावसाळे जिन्याखाली उभी असलेली, स्प्लेंडरसारखी कार्बोरेटरची जुनी गाडी विकत घेतली की लगेच किक मारून पाहण्याचा मोह होतो; तो आवरावा. सिलिंडरच्या आतले तेल ओघळून गेलेले असते आणि एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी संसार थाटलेला असू शकतो, म्हणून तो डबा आधी उघडावा.

प्लगभोवतीची धूळ पुसून प्लग काढावा, त्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडावे आणि काही तासांनी, चावी बंद ठेवून, किक हाताने हळूहळू दाबून पाहावी. किक अडली तर जोर लावू नये, कारण पिस्टन किंवा रिंगा गंजून बसल्या असतील तर इंजिन खोलावेच लागते. इंजिनमधले ऑइल दुधाळ दिसले तर त्यात पाणी शिरले आहे, तेव्हा ते बदलल्याशिवाय पुढे जाऊ नये.

बहुतेक गाड्या अडतात त्या पेट्रोलपाशी. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, ते हवेतली आर्द्रता शोषते आणि पाणी वाढले की पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी बसते. उरलेले पेट्रोल कार्बोरेटरमध्ये सुकून चिकट थर धरते. म्हणून टाकी पूर्ण रिकामी करावी, टॉर्चच्या उजेडात आत गंज आहे का ते पाहावे (गंजक्या टाकीत नवे पेट्रोल ओतणे म्हणजे कार्बोरेटर पुन्हा तुंबवणे) आणि कार्बोरेटर उतरवून साफ करावा. चोक ओढल्यावर चालणारी गाडी चोक सोडताच बंद पडत असेल, तर पायलट जेट (कमी वेगाला पेट्रोल सोडणारी कार्बोरेटरमधली बारीक नळी) तुंबला आहे असे बहुधा समजावे. त्याचे केसाएवढे छिद्र तारेने कोरू नये, ते मोठे होते. क्लीनर मारून हवेच्या दाबाने मोकळे करावे.

यानंतर करंट. पेट्रोलचे भांडे आणि चिंध्या दूर ठेवाव्यात, प्लग टोपीत बसवून इंजिनच्या धातूला टेकवावा, तो भोकापासून लांब धरावा आणि आता चावी चालू करून, किक मारून ठिणगी पाहावी. ठिणगी नसेल तर आधी प्लग बदलावा, मग टोपी आणि कुरतडलेल्या वायरी तपासाव्यात. फक्त किकच्या बऱ्याच जुन्या गाड्या बॅटरी उतरलेली असतानाही चालू होतात, त्यामुळे बॅटरीवर आधीच पैसे घालण्याची घाई नको.

गाडी सुरू होऊन लगेच गुदमरत असेल तर सायलेन्सरच्या तोंडात कुंभारमाशीने मातीचे घर केले आहे का ते पाहावे.

इंजिन उघड्या जागेत चालवावे आणि सुरुवातीला रेस करू नये. क्लच दाबूनही पहिल्या गियरला गाडी झेपावत असेल तर क्लच प्लेटा चिकटल्या आहेत. टायरच्या कडेवरील कोडचे शेवटचे चार आकडे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१७ म्हणजे २०१७ सालचा २३वा आठवडा. नक्षी शाबूत असली तरी कडेला बारीक भेगा पडलेला टायर बदलावाच, आणि विमा किंवा पीयूसी संपली असेल तर पहिली फेरी आवारातच मारावी.