जुन्या कादंबऱ्यांतली नाती वाचताना या चुका टाळा

दर रविवारी धरमपेठेत आमच्या घरी पाच-सहा जण कादंबरी वाचायला जमतात. नवीन कोणी आलं की तीच चूक: नाव अवघड दिसलं की नजर त्यावरून घसरते.

गेल्या उन्हाळ्यात एक मुलगा दस्तयेव्हस्कीची रशियन कादंबरी 'क्राइम अँड पनिशमेंट' (1866) आठ दिवसांत संपवून आला. आल्या आल्या चिडून म्हणाला, "काकू, तो रझुमिखिन दुन्याला सोडून त्या अवदोत्याशी लग्न करते, हे काही बरोबर नाही." अरे, दुन्या आणि अवदोत्या रोमानोव्हना एकच! नायक रास्कोल्निकोव्हची सख्खी बहीण. आई तिला दुन्या म्हणते, परके लोक मानाने अवदोत्या रोमानोव्हना. रझुमिखिनसारखा सरळ माणूस या पोराने बेइमान ठरवला होता, आणि मला ते फार लागलं. आठ दिवसांत पुस्तक संपवायची घाई कशाला हवी होती?

खरं तर आपल्याला हे लवकर कळायला हवं. रशियन लोकांसारखं आपणही नावामध्ये वडिलांचं नाव लावतो. रास्कोल्निकोव्हचे वडील रोमान, म्हणून तो रोमानोविच आणि त्याची बहीण रोमानोव्हना. दोघं भावंडं आहेत हे नावावरूनच कळतं. आपल्याकडेही दाखल्यावरचा मधुकर आईसाठी बंडू असतो आणि मोहल्ल्यात बंडूभाऊ. म्हणून मी पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर नाव लिहिते आणि त्यापुढे कोण त्याला काय हाक मारतं ते. मराठी अनुवाद असेल तर तू-तुम्हीही टिपते. इंग्रजीत सगळ्यांना 'यू', त्यामुळे तो धागा हाती लागत नाही.

दहा मिनिटांचा सारांश यूट्यूबवर बघून येऊ नका. कोण कोणाचं कोण हे त्यात कळतं, पण ते नातं कुठल्या पानावर तुटायला लागलं हे कळत नाही.

माणसांना नायक आणि खलनायक अशा दोन रकान्यांत टाकू नका.

सांगणाऱ्यावर डोळे मिटून विश्वास ठेवणं ही दुसरी मोठी चूक. 'ययाति'त (1959) ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा तिघंही आपापली बाजू स्वतः सांगतात. तरी देवयानी गर्विष्ठ, हा निकाल वाचक ययातीचं ऐकूनच देऊन मोकळे होतात. बिघडलेल्या संसारात एकट्या नवऱ्याचं ऐकून कोणी बायकोबद्दल मत बनवतं का? देवयानीचा भाग वाचून झाला की मी मागे जाते आणि ययाति तिच्याबद्दल काय बोलला होता ते पुन्हा वाचते.

'वदरिंग हाइट्स'मध्ये (1847) कॅथरीन दोन आहेत, आई आणि मुलगी. लिंटन हे एका घराण्याचं आडनाव आहे आणि एका मुलाचं नावही. इथे वंशावळ काढावीच लागते, पण इंटरनेटवरची तयार उतरवून घेऊ नका, सगळी लग्नं आणि मृत्यू तिथेच कळून जातात. स्वतः काढा, आणि पेन्सिलनेच. धाकट्या कॅथरीनच्या नावापुढे लिहिलेलं मला एकदा खोडावं लागलं होतं. कोणासाठी, ते वाचताना कळेल.