फायनलची बॅग आणि नऊ नंबरची दुसरी जर्सी

फुटबॉलच्या फायनलची बॅग भरताय? दुसरी जर्सी घ्या. बाकीची यादी पुढे येतेच आहे, पण कुणी इथेच वाचणं थांबवलं तरी एवढं डोक्यात राहावं म्हणून आधीच सांगून टाकतो. समोरची बचावफळी अंगावर येणारी असेल, त्यांचे स्टॉपर, म्हणजे मधले बचावपटू, हेडरला कोपर घेऊनच उडत असतील, तर फायनलला तुमच्या कुणाचं तरी रक्त निघणार असं धरूनच चाला. फुटबॉलचा नियम सरळ आहे. रक्त येतंय तो खेळाडू मैदानाबाहेर. रक्त थांबलं आणि कपड्यांवर रक्त नाही अशी पंचांची खात्री पटली, की त्यांनी खूण केल्यावरच तो आत. नुसती जखमेवर पट्टी बांधून भागत नाही, कपडेही स्वच्छ लागतात. नियमाचा हा उरलेला अर्धा भाग मला पाठ होता. बॅग भरताना आठवला नाही, एवढंच.

आमच्या त्या फायनलला बासष्टाव्या मिनिटाला कॉर्नरवर आमचा नऊ नंबर, म्हणजे मुख्य फॉरवर्ड, उडाला, त्यांचा स्टॉपरही उडाला, आणि दोघं खाली आले तेव्हा आमच्या पोराची भुवई फाटलेली. दीड मिनिटात गॉज दाबून, पट्टी गुंडाळून रक्त थांबवलं. मी स्वतःवर खूश. पोरगा टचलाइनवर हात वर करून उभा. पंच आले, पट्टी बघितली, मान डोलावली आणि मग बोट दाखवलं कॉलरकडे. जर्सी पांढरी, आणि कॉलरपासून छातीपर्यंत लाल. बाटलीतलं पाणी ओतून चोळलं, तर तळहाताएवढा लाल डाग ताटाएवढा गुलाबी झाला. राखीव पोराची जर्सी काढून याला चढवावी हे सुचलं तेव्हा ती दोन साइझ लहान निघाली. पट्टीचं डोकं गळ्यातून जाईना. सहा मिनिटं आम्ही दहा जण खेळलो. त्यातल्या पाचव्या मिनिटाला त्यांना कॉर्नर मिळाला, आणि ज्या स्टॉपरला आमचा नऊ नंबर मार्क करायचा त्यानेच डोक्याने गोल केला. एक-शून्य. तिथेच संपलं.

तर आता नीट, पहिल्यापासून.

आठवडाभर आधी समोरच्यांची एक तरी मॅच बघा, आणि पूर्ण बघा. 'फार मारतात हो ते' एवढ्या ऐकीव माहितीवर तयारी होत नाही. कोण मारतो, कधी मारतो, चेंडूवर जाऊन मारतो की चेंडू गेल्यावर, हे कळायला हवं. चेंडू गेल्यानंतर उशिरा पोचणारा बॅक असेल तर तो तुम्हाला फ्री किक देणार आहे, म्हणून त्या बाजूच्या फ्री किक आधीच बसवून ठेवा. जर्सी धरून ठेवणारा असेल तर त्याच्या अंगाला टेकून उभं राहू नका, दोन पावलं लांब राहून धावत या. आणि लाइन सोडून, आठ-दहा मीटर पुढे येऊन फॉरवर्डच्या पाठीत शिरणारा स्टॉपर असेल, तर आनंद माना. तो पुढे येतो म्हणजे मागे जागा सोडून येतो. प्रेक्षकांना त्याची धडक दिसते, तुम्ही त्याच्या मागचं रिकामं गवत बघा.

त्या गवतासाठी एकच चाल बसवा, पण शंभर वेळा करा. नऊ नंबर खाली येतो, स्टॉपर त्याच्या मागे येतो. चेंडू नऊच्या पायात, एकाच टचमध्ये परत मधल्या फळीकडे, आणि तिथून न थांबवता थेट मोकळ्या जागेत, जिथे विंगवाला, म्हणजे कडेने खेळणारा, तिरका धावत येतोय. विंगवाल्याने कधी सुटायचं? नऊच्या पायाला चेंडू लागतो त्या क्षणी. त्याआधी सुटला तर ऑफसाइड, नंतर सुटला तर दुसरा स्टॉपर जागा भरतो. हे फळ्यावर सोपं दिसतं. मैदानात पहिल्या दिवशी दहातले दोन जमतात, आणि नऊला लाथ बसणार ती बसतेच, कारण चेंडू गेल्यावरही स्टॉपर थांबत नाही. त्याला हे आधी सांगा. 'तू मार खाणार आहेस, आणि तू मार खाल्लास तरच गोल होणार आहे' असं स्पष्ट. पोरं समजून घेतात. न सांगता मैदानात पहिला फटका बसला, की तीच पोरं खाली यायची बंद होतात आणि चाल मरते.

बाकी सरावात दोन टचचा खेळ, लहान चौकोनात. चेंडू येण्याआधी खांद्यावरून मागे बघायची सवय, एकदा नाही, दोनदा. अंग अर्धं वळवून चेंडू घ्यायचा, गोलकडे पूर्ण पाठ करून नाही. पाठ करून उभा राहिलेला फॉरवर्ड ही अशा बचावफळीची आवडती गोष्ट. धक्काबुक्कीचा सराव आठवड्याच्या मध्यावर एकदाच करा, कारण धक्का खाऊन चेंडू राखणं अंगवळणी पडावं लागतं. शेवटच्या दोन दिवसांत अजिबात नको. आपल्याच स्टॉपरने आपलाच विंगवाला लंगडा केला असं मी पाहिलंय. त्यावर इथे लिहीत नाही.

डोकं थंड ठेवण्याबद्दल सगळेच बोलतात, मीही दोन उदाहरणं सांगतो, पोरांना सांगायला उपयोगी पडतील. १९८२ च्या वर्ल्ड कपमध्ये इटलीच्या क्लॉडिओ जेंटिलेने मॅराडोनाला मॅचभर पायात घेतला. एका मॅचमध्ये एकाच खेळाडूवर तेवीस फाऊल, असा तो आकडा अजून सांगितला जातो. अर्जेंटिना हरली. पण पोरांना सांगायचं ते त्याच्या पुढच्या मॅचचं: ब्राझीलविरुद्ध मॅराडोनाचा तोल गेला, त्याने बतिस्ताला लाथ घातली आणि लाल कार्ड घेऊन बाहेर गेला. म्हणजे जेंटिलेच्या माराची किंमत तीन दिवसांनी, दुसऱ्याच टीमसमोर चुकती झाली. दुसरं उदाहरण २०१० च्या वर्ल्ड कपची फायनल, नेदरलँड्स विरुद्ध स्पेन. अठ्ठाविसाव्या मिनिटाला नेदरलँड्सच्या डी यॉन्गचा बूट स्पेनच्या अलोन्सोच्या छातीवर, आणि पंचांनी दाखवलं फक्त पिवळं. पूर्ण मॅचमध्ये चौदा पिवळी कार्डं. कार्डं स्पेनलाही मिळाली, पण त्यांनी पासिंग सोडलं नाही. जादा वेळेत १०९ व्या मिनिटाला नेदरलँड्सचा हायटिंगा दुसऱ्या पिवळ्यावर बाहेर गेला आणि ११६ व्या मिनिटाला स्पेनच्या इनिएस्ताचा गोल. मारणाऱ्या टीमला कार्डं पडतात, पण उशिरा पडतात. तोवर तुमचे अकरा जण मैदानात हवेत.

अकरा जण मैदानात हवेत म्हणूनच परत जर्सीकडे येतो. छपाईवाल्याकडे फायनलच्या दहा दिवस आधी जा, आदल्या दिवशी नाही. निदान दोन्ही स्टॉपर, नऊ नंबर आणि गोलकीपर यांच्या जर्सीचे दुसरे नग करून घ्या, कारण हवेत उडून धडकणारे हेच. गोलकीपरची विसरू नका, तिचा रंग वेगळा असतो, कुणाची उसनी चालत नाही. पैसे नसतील तर त्याच रंगाची कोरी, मोठ्यात मोठ्या साइझची एक जर्सी घ्या आणि मॅचच्या आधी पंचांना दाखवून विचारा, लागली तर चालेल का, नंबर कसा लावू. विचारलेलं पंचांना आवडतं. बासष्टाव्या मिनिटाला विचारलेलं आवडत नाही. मोठी साइझ का, ते वर सांगितलंय. जोडीला एक चड्डी आणि स्टॉकिंग्जचा एक जोड, कारण रक्त कॉलरवरच थांबेल असं काही नाही.

रक्तासाठी वेगळी पिशवी करा: गॉज, चिकटपट्टी, डोक्याला गुंडाळायचं बँडेज, व्हॅसलीन, हातमोजे, थंड पाण्याची बाटली आणि स्पंज. डाग काढायचाच असेल तर थंड पाण्यानेच, गरम पाण्याने तो पक्का बसतो. पण डाग काढत बसू नका. जर्सी बदला. नाकातून रक्त येत असेल तर डोकं मागे टाकायला लावू नका, पुढे झुकवून नाकाचा मऊ भाग घट्ट धरायचा. आणि डोक्याला मार लागून पोरगा जरा जरी गोंधळलेला वाटला, स्कोअर विचारल्यावर अडखळला, तर त्याची मॅच तिथेच संपली. तो 'मी ठीक आहे' म्हणेल. त्याचं ऐकायचं नाही, कप्तानाचं नाही, त्याच्या वडिलांचंही नाही.

बूट, पाणी, बर्फ: सांगायची गरज नाही. स्टड्स आदल्या दिवशी घट्ट करा. शिन गार्ड मात्र तपासा. हल्ली पोरं हातात मावेल एवढं टीचभर गार्ड घालतात. २०२४ पासून नियमातच लिहिलंय की गार्डचा आकार योग्य आहे की नाही ही जबाबदारी खेळाडूची. म्हणजे पंच अडवणार नाहीत, स्टड मात्र नडगीला लागणार. अशा टीमसमोर नडगी झाकणारं गार्ड घाला, दिसतं कसं याचा विचार नंतर. स्टॉकिंगवर टेप लावणार असाल तर ती त्याच रंगाची लागते. पांढरी टेप काळ्या स्टॉकिंगवर लावलीत तर मॅचच्या आधी सोलत बसाल. अंगठी, साखळी, कानातलं काढा. वर टेप लावून चालत नाही, नियमात तसं स्पष्ट आहे, दरवेळी कुणीतरी वाद घालतोच.

मॅचच्या दिवशी बॅग कोण उचलणार, त्याचं नाव ठरवा. 'कुणीतरी घेईल' म्हणजे कुणी घेत नाही. आणि दुसरी जर्सी बॅगेत नाही, बेंचच्या मागे हँगरवर, नंबर बाहेरून दिसेल अशी. या वर्षी सेमीफायनलला आम्ही जर्सी नेली होती बरं का. गाडीच्या डिकीत होती. गाडी गेटबाहेर. किल्ली ज्याच्याकडे, तो चहाला. नशिबाने लागली नाही.

पहिली पंधरा मिनिटं ते तुम्हाला जोखणार. पहिल्या पाचात एखादी जोरदार धडक बसेलच, आणि ती पंच किती खपवतात हे बघायला असते. पडलेल्याने उठायचं, काही बोलायचं नाही. पंचांशी बोलेल तो कप्तानच, तोही खेळ थांबल्यावर आणि एका वाक्यात: 'सर, पाच नंबरचा हा तिसरा.' नंबर आणि आकडा सांगितला की पंचांच्या डोक्यात राहतो, आरडाओरडा राहत नाही. आणि उगाच फिजिओला आत बोलावू नका. मैदानात उपचार घेतले की खेळाडूला बाहेर जावं लागतं, आणि खेळ सुरू झाल्यावर पंचांच्या परवानगीनेच परत येता येतं. मारणाऱ्याला कार्ड मिळालं असेल आणि उपचार लवकर आटोपले तर सवलत आहे, गोलकीपरलाही आहे. नाहीतर तुमचा नाटकी लोळणारा विंगवाला तुम्हालाच दहावर आणतो. अशा टीमसमोर दहा जण म्हणजे काय, ते एकदा सांगून झालंय.

मध्यंतराला भाषण नको. कुणाच्या नावावर पिवळं आहे, त्यांच्या कुणाच्या नावावर आहे, एवढं बघा. त्यांचा कार्ड मिळालेला बॅक ज्या बाजूला आहे तिकडून खेळा, त्याला आता टॅकल करताना विचार करावा लागतो. आपला कार्ड मिळालेला तापट असेल तर बदला. ओली, चिखलाची जर्सी चालते. रक्ताची चालत नाही. सगळ्यांचे कॉलर, बाह्या, चड्ड्या एकदा डोळ्यांखालून घाला, दहा सेकंद लागतात.

शेवटच्या वीस मिनिटांत तेही दमतात, टॅकल उशिरा येतात, फ्री किक मिळतात. सराव केलेलीच मारा, नवीन काही सुचलेलं मारू नका. मॅच जादा वेळेत गेली तर पेटके येणार, राखीव खेळाडूंपैकी एक तरी तोवर हातात ठेवा.

पेनल्टी शूटआउट: पाच नावं आधी लिहिलेली. त्यांचा कुणी लाल कार्डावर बाहेर असेल तर तुमचंही एक नाव कमी करण्याचा प्रश्न येतो, कुणाचं ते ठरवून ठेवा. गोलकीपरला पाणी. नऊ नंबर मारणार असेल तर पाठवण्याआधी त्याची कॉलर बघा, आणि हँगर हातात ठेवा.